साडेचार महिन्यांच्या बाळाला दोन महिन्यांत तीनदा सर्दी: काय टाळता येतं, काय नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी साडेचार महिन्यांची, पूर्ण दिवसांची, अंगावर पिणारी, वजन वेळेवर वाढतंय. बाळंतपणाला खानापूरकडे माहेरी होता, अडीच महिन्यांनी बेळगावला सासरी आलात आणि तेव्हापासून दोन महिन्यांत तिला तीनदा सर्दी झाली. घरात सातजण, थोरला यंदाच एलकेजीला जायला लागलाय. सासूबाई म्हणतात, तुम्ही दही-केळं खाता म्हणून दुधातून बाळाला सर्दी उतरते. रोज संध्याकाळी ओवा आणि लसणाच्या सालांची धुरी होते, रात्री नाकात खोबरेल तेलाचे दोन थेंब पडतात, आणि मेडिकलमधून आणलेलं सर्दीचं सिरप चालू आहे. तुम्ही विचारलंय ते एवढंच: सर्दी होऊच नये म्हणून काय करू, आणि माझ्या दुधात काही दोष आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण रात्रीची झोप त्यानेच उडाली असणार. दुधात काहीही दोष नाही. दही, केळं, ताक, पेरू, यातलं काहीही आईने खाल्लं तरी ते दुधातून सर्दी होऊन बाळात उतरत नाही. उलट तुम्हाला किंवा घरात कुणाला सर्दी झाली की तुमच्या शरीरात त्या विषाणूविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार होतात ती दुधातून मुलीला मिळतात. म्हणून आईला सर्दी झाली तर पाजणं थांबवायचं नाही. मास्क लावा, घरात नसेल तर पदर नाका-तोंडावरून घट्ट घ्या, हात साबणाने धुवा आणि पाजा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया तीन-तीन महिने मेतकूट-भातावर काढून फिकट पडलेल्या असतात. त्यांना मी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून देते, ‘आईने दही खावे’. सासूबाई डॉक्टरांच्या अक्षराला मान देतात, हा माझा अनुभव.

आता पहिला प्रश्न. सर्दी होऊच नये असं करता येत नाही. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. एकाशी ओळख झाली म्हणजे दुसऱ्याशी होत नाही, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं हे धडधाकट मुलाचं लक्षण आहे. घरात शाळेत जाणारं भावंड असेल तर याहून दोन-तीन जास्त. आणि एक सर्दी सात ते दहा दिवस चालते, मागे राहिलेला खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. हिशोब तुम्हीच करून बघा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मूल ‘सतत आजारी’ वाटायला एवढं पुरतं. तुमच्या तीन सर्द्यांतल्या दोन कदाचित एकच असतील, किंवा पहिली संपता संपता दुसरी लागली असेल.

कदाचित त्यातली एखादी सर्दी नव्हतीच. माझ्याकडे दीड-दोन महिन्यांचं बाळ घेऊन आज्जी येतात आणि टेबलावर ठेवायच्या आधीच सांगतात, “मॅडम, छातीत घरघर करालंय बघा.” छातीला स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ. आवाज नाकातला असतो. इतक्या लहान बाळाच्या नाकपुड्या अगदी अरुंद, आणि पहिले काही महिने ती बहुतेक नाकानेच श्वास घेतात. थोडा शेंबूड सुकला, दूध थोडं वर आलं, तरी घरघर ऐकू येते, आणि मांडीवर धरलेल्या आज्जीच्या हाताला पाठीतून ती थरथर जाणवतेसुद्धा. शिंकांचंही तेच. बाळ नाक साफ करायला शिंकतं, दिवसात आठ-दहा वेळा शिंकलं तरी त्याला सर्दी म्हणायची नाही. बाळ नीट पितंय, झोपतंय, ताप नाही, हसतंय, तर त्या घरघरीला औषध लागत नाही.

मग करण्यासारखं काय आहे? माझ्या मते उद्दिष्ट थोडं बदललं पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत सर्द्या जितक्या कमी आणि जितक्या उशिरा, तितकं चांगलं, कारण याच वयात श्वासनलिका सगळ्यात अरुंद असतात आणि साधी सर्दी छातीत उतरू शकते. आणि जी सर्दी होणारच आहे ती साधीच राहावी. या दोन्ही गोष्टी बऱ्याच प्रमाणात तुमच्या हातात आहेत. फक्त त्यासाठी बाळाच्या कानटोपीपेक्षा घरातल्या मोठ्यांच्या हाताकडे आणि घरातल्या धुराकडे बघायला लागेल.

सर्दी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. थंड वाऱ्याने किंवा पावसाच्या गारव्याने ती तयार होत नाही. गारठ्यात सर्द्या वाढतात हे खरं, पण त्याला कारण असं की त्या दिवसांत आपण सगळे खिडक्या लावून एका खोलीत बसतो आणि काही विषाणूंना तसली हवा मानवते. माझ्या ओपीडीत तर मला हवामानापेक्षा शाळेची घंटा जास्त ऐकू येते. आपल्याकडे कर्नाटकात शाळा मे संपता संपता उघडतात, सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला जूनच्या मध्यावर. दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे तान्ह्या बाळांची रांग लागते आणि जवळजवळ प्रत्येक बाळामागे एक ताई किंवा दादा नवं दप्तर घेऊन उभा असतो, नाकाखाली दोन रेघा. गडहिंग्लजकडची बाळं दोन-तीन आठवड्यांनी येतात. पाऊस दोन्हीकडे एकाच वेळी सुरू झालेला असतो.

माहेरी खानापूरकडे, जिथे पाऊस बेळगावपेक्षा कितीतरी जास्त, तिथे अडीच महिने बाळाला काही झालं नाही आणि इथे येऊन तीनदा झालं, हे तुम्हीच लिहिलंय. तिकडे घरात तुम्ही, आई आणि वडील. इकडे सातजण आणि एक एलकेजी. शिवाय जन्माच्या वेळी तुमच्याकडून तिला मिळालेली प्रतिपिंडं या वयात कमी होत आलेली असतात आणि तिची स्वतःची अजून पुरती तयार व्हायची आहेत. कोडं एवढ्यातच सुटतं.

आता थोरल्याला काय शाळेतून काढायचं? नाही. बाळाजवळ जाऊ नको म्हणून त्याला हाकलायचंही नाही. चार वर्षांच्या मुलाला ते लागतं, आणि मग तो बाळ एकटं असताना जाऊन पापी घेतो. एकच नियम करा आणि तो मोडायचा नाही: शाळेतून आला की चपला, दप्तर, मग थेट मोरीवर. साबण लावून कोपरापर्यंत हात, तोंड, मग शाळेचा गणवेश बदलायचा, मग बहीण. साबण वीस सेकंद तरी हातावर फिरला पाहिजे, नुसतं पाणी लावून भागत नाही. त्यालाच पहारेकरी करा. माझ्याकडे येणाऱ्या एका घरातला पाच वर्षांचा दादा बाहेरून आलेल्या प्रत्येकाला, अगदी आजोबांनासुद्धा, “हात दाखवा” म्हणून दारात अडवायचा. त्या घरातलं धाकटं त्या पावसाळ्यात एकदाच आजारी पडलं. योगायोग असेल, पण मला तो मुलगा अजून आठवतो.

पापी हा आपल्याकडचा नाजूक विषय. बारशाला, देवाला, शेजारी, कुठेही गेलं की बाळाच्या गालाची नाहीतर हाताची पापी घेतली जाते, आणि हात तर दोन सेकंदांत बाळाच्या तोंडात. नाही म्हणता येत नाही, माणसं दुखावतात. मी सांगते, पापी घ्यायचीच तर पायाची घ्या. ऐकायला गंमत वाटते म्हणून लोक ऐकतात. आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला, गावच्या जत्रेला, लग्नाच्या हॉलमध्ये दोन-तीन महिन्यांच्या बाळाला नेणं शक्य असेल तर पुढे ढकला. नवस असेल तर देवीला सहा महिने थांबायला जड जात नाही.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण विचारते: बाळाला न्हाऊ घालायला बाई येते का? आपल्याकडे बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठेही बघा, सकाळी एक मावशी चार घरची बाळं न्हाऊ घालते. तिच्या हाताला अनुभव असतो, आईची पाठ वाचते, मी तिच्या विरोधात नाही. पण ती काय करते ते एकदा जवळ उभं राहून बघा. पायावर बाळ पालथं, कढत पाणी, डाळीचं पीठ, मग उलटं करून नाक दोन बोटांत धरून ओढणं, टाळूवर तेलाचा हात, आणि शेवटी बाळाच्या नाकात आणि कानात तोंडाने जोरात फुंकर. तीच फुंकर तासाभरापूर्वी तिसऱ्या गल्लीतल्या सर्दी झालेल्या बाळाच्या नाकात घातलेली असते. तिला दुखवायचं काही कारण नाही. “मावशी, डॉक्टरनी सांगितलंय, आधी साबणाने हात, आणि फुंकर नको. तुम्हाला खोकला असेल त्या दिवशी येऊ नका, पैसे कापणार नाही,” एवढं सांगा. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. दिवसाचे पैसे कापले जाणार असतील तर ती तापातही येणार, आणि त्यात तिचा दोष नाही.

मी हे सगळं फार शहाणी असल्यासारखं सांगते आहे, पण माझ्या मुलीला तिची पहिली मोठी सर्दी मीच आणून दिली. तेव्हा मी निपाणीत नवीन प्रॅक्टिस सुरू केली होती, ती तीन महिन्यांची होती. दिवसभर खोकणारी मुलं तपासून घरी आले, मलाही दोन दिवस घसा खवखवत होता, आणि दारातूनच तिला उचलून छातीशी धरलं. चौथ्या दिवशी तिच्या छातीत बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, दूध सोडलं, आणि तीन रात्री ऑक्सिजनवर काढाव्या लागल्या. मोठ्या माणसाला फक्त घसादुखी देणारा विषाणू तान्ह्या बाळाच्या छातीत काय करतो ते पुस्तकात वाचलं होतं. आरएसव्ही नावाचा विषाणू यात सगळ्यात बदनाम. तेव्हापासून घरी गेल्यावर आधी मोरी, मग लेक. तुमच्या घरात कामावरून येणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे, बाळाच्या बाबांना सगळ्यात आधी.

‘सर्दी झालेल्याने वेगळ्या खोलीत झोपावं’ हे सल्ला म्हणून ठीक आहे. पण वडगावात ज्या घरात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत सहाजण, तिथे हे सांगताना मलाच लाज वाटते. तिथे मी एवढंच सांगते: सर्दी झालेल्याने बाळाच्या डोक्याकडे डोकं न करता पायाकडे डोकं करून झोपावं, खोकताना कोपरात खोकावं, त्याचा टॉवेल वेगळा असावा, आणि दिवसा दोनदा खिडकी-दार समोरासमोर उघडून हवा खेळती करावी. बाळाला वारा लागेल ही भीती सोडा. वाऱ्याने सर्दी होत नाही, कोंडलेल्या खोलीत होते.

कोंडण्यावरून कपड्यांचं सांगते. पाऊस आहे म्हणून तान्ह्या बाळाला स्वेटर, त्यावर दुपटं, त्यावर शाल, कानटोपी, मोजे, आणि आत बाळ घामाने भिजलेलं, हे मी रोज बघते. आपल्या अंगावर जितके कपडे, त्याहून एक थर जास्त, एवढं पुरे. बाळाच्या मानेवर मागून हात लावा. मान गरम-कोरडी असेल तर ठीक, ओली असेल तर एक कपडा काढा. हात-पाय थोडे गार असणं लहान बाळाला सवयीचं असतं. पावसाळ्यात झबली-लंगोट वाळत नाहीत हे खरं. इस्त्री फिरवा, पण बाळाच्या खोलीत दोरी बांधून ओले कपडे वाळवू नका. ओल धरून भिंतीला बुरशी येते, आणि ती बुरशी नाकाला सर्दीपेक्षा जास्त छळते.

आता धुराकडे येते. इथे मला जास्त बोलायचंय, कारण हात धुवा हे हल्ली सगळेच सांगतात, धुराबद्दल कुणी बोलत नाही.

आपल्या नाकापासून फुप्फुसापर्यंत आतून बारीक लव असते. ती सतत हलत राहून धूळ, जंतू आणि शेंबूड वर ढकलत असते. धुराने ही लव मंदावते. मग साध्या सर्दीचा चिकट द्रव खाली साचतो आणि सर्दी छातीत उतरते. घरातल्या धुरामुळे लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ज्या धुरीने सर्दी पळेल म्हणून आपण बाळाला शेगडीवर धरतो, तीच धुरी सर्दीला वाट करून देते.

सासूबाईंच्या धुरीमागे तर्क नव्हता असं नाही. मातीच्या ओल्या घरात, चार महिने ऊन न दिसणाऱ्या पावसात, न्हाऊन आलेल्या बाळाला पटकन कोरडं आणि उबदार करायचा तो एक उपाय होता. डास-चिलटंही जायची. ऊब उपयोगी होती, धूर तिच्याबरोबर येत होता. आता ऊब कोरड्या पंच्याने आणि आईच्या अंगाने देता येते. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना म्हणा, शेगडी पेटवूया, पण निखारे लाल होऊन धूर पूर्ण गेला की आणि बाळ दुसऱ्या खोलीत असताना खोली ऊबवूया, मग शेगडी बाहेर काढून बाळ आत आणूया. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत बाळाजवळ ठेवून झोपायचं मात्र कधीही नाही. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही.

धूर फक्त धुरीचा नसतो. एका घरी गेले होते, मुलाला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला होता आणि घरचे म्हणत होते, आमच्याकडे गॅस आहे, चूल कधीच गेली. न्हाणीघराचं दार उघडलं आणि डोळे झोंबले. कोपऱ्यात तांब्याचा बंब, ओल्या लाकडांनी धुमसत होता, छताजवळची एवढीशी खिडकी पाऊस येतो म्हणून पोत्याने बुजवलेली, आणि त्याच धुरात पाटावर रोज वीस मिनिटं त्या बाळाचं न्हाणं. बंब बाहेर पडवीत गेला. तिथून गरम पाणी बादलीने आत यायला लागलं. पुढच्या वर्षभरात त्या मुलाला दवाखान्यात दाखल करावं लागलं नाही. तुमच्या घरी बंब आहे का, बघा.

निपाणी-चिकोडीकडच्या वाचणाऱ्या आयांसाठी एक वेगळं सांगते, कारण तिथे मी बरीच वर्षं काढली. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, शेजारी झोळीत बाळ, असं विड्या वळण्याचं काम घरोघर दिसायचं. विडी कुणी पेटवत नव्हतं, पण तंबाखूची धूळ पदरावर, बोटांवर, झोळीच्या कापडावर बसलेली असायची, आणि झोळीतलं बाळ शिंकत असायचं. काम सोडा म्हणणं मला कधी जमलं नाही, रोजचा हिशोब त्या सुपावर चालतो. सूप आणि झोळी एका खोलीत नसावी, पाजायच्या आधी हात साबणाने धुऊन वरची साडी बदलावी किंवा कामाच्या वेळी वरून एक जुनं पातळ गुंडाळावं, हे ज्यांना जमलं त्यांच्या बाळांचा खोकला कमी झाला. तंबाखूच्या वखारीतून घरी येणाऱ्या बापांनाही हेच. आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ‘मी बाहेर जाऊन ओढतो’ याने अर्धंच काम होतं. कपड्यांवर आणि श्वासात ती बराच वेळ राहते. डासांची कॉइल, ऊद, अगरबत्ती, सगळं त्याच खात्यात. डासांना मच्छरदाणी.

आता तुमच्याकडे सध्या चालू असलेल्या ज्या गोष्टी आजपासून बंद करायच्या त्या. नाकात तेल. तेल फुप्फुसात उतरलं तर शरीराला ते बाहेर काढता येत नाही. पाण्यासारखा ठसकाही येत नाही, त्यामुळे उतरलेलं कळतसुद्धा नाही. तेलाने झालेला न्यूमोनिया मी एक्स-रेवर पाहिला आहे आणि तो आठवडे चालतो. टाळूला, अंगाला तेल लावा, नाका-कानात नको. कापूर नको. ओव्याबरोबर पुरचुंडीत घालून पाळण्याला बांधतात, बामातही असतो. बाळाच्या पोटात गेला तर आकडी येऊ शकते, दोन वर्षांखाली बामही लावायचा नाही. आणि गुटी उगाळून मधात देत असाल तर मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातून क्वचित होणारा एक विषार बाळाचे स्नायू लुळे पाडतो. सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही, गुटीचा प्रश्नच येत नाही.

सिरपबद्दल मात्र मी कडक बोलणार. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपमध्ये विषारी रसायन निघालं आणि मुलं दगावली, हे सगळ्यांनी वाचलं. त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली शक्यतो नाहीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये सर्दीच्या सिरपात सर्रास असणाऱ्या क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीवर ‘चार वर्षांखालच्या मुलांना नको’ असा इशारा छापायचा आदेश निघालाच होता. भेसळ नसलेलं सिरपसुद्धा बाळाची सर्दी एक दिवसाने कमी करत नाही. फक्त गुंगी आणतं, आणि घरातले म्हणतात, औषधाने बाळ शांत झोपलं. मेडिकलवाल्या ओळखीच्या दादांना वाईट वाटू द्या, बाटली टाकून द्या. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, शेंबूड पिवळा-हिरवा झाला तरी नाही. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसा होतोच. प्रतिकारशक्तीच्या टॉनिकांवर मी एक ओळसुद्धा खर्च करणार नाही.

मग सर्दी झाली की करायचं काय? मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, सलाइन नेझल ड्रॉप्स या नावाने कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. नुसतं मीठ-पाणी असलेलेच मागा. नाक मोकळं करणारी औषधी थेंबांची दुसरी बाटली दिली तर परत करा, ती तान्ह्या बाळाला धोक्याची. पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी आणि झोपवायच्या आधी बाळाला मांडीवर उताणं घ्या, खांद्याखाली दुमडलेलं दुपटं ठेवा म्हणजे डोकं किंचित मागे जाईल. एका नाकपुडीत दोन थेंब, मनात तीस आकडे मोजा, मग दुसरीत. बाळ शिंकेल, चिडेल. बाहेर आलेलं मऊ सुती कापडाच्या टोकाने टिपा. आत कापसाची काडी घालायची नाही. सर्दीत बाळ एका दमात पीत नाही म्हणून थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. उकळत्या पाण्याची वाफ नको. वाफेने फायदा शून्य आणि भाजण्याच्या केसेस दरवर्षी येतात.

ताप असेल तर पॅरासिटामॉल, पण डोस वजनावर ठरतो: एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. इथे एक चूक फार होते. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते. थेंबांत साधारण एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, सिरपात पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, काही सिरपात २५०. सिरपाचं माप लक्षात ठेवून थेंबांची बाटली ओतली की डोस चौपट होतो. तुमच्या डॉक्टरांकडून तिच्या आजच्या वजनाचं माप बाटलीवरच लिहून घ्या.

लशींबद्दल थोडक्यात. सर्दीची लस नाही, पण सर्दीमागून येणाऱ्या गोष्टींच्या आहेत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस डांग्या खोकला आणि न्यूमोनिया करणारा हिब हा जंतू थोपवते. दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांची न्यूमोकॉकलची लस आता सरकारी दवाखान्यातही फुकट मिळते. तुमचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, काढून बघा. दोन महिन्यांत तीन सर्द्या म्हणजे एखादी लस ‘बाळाला सर्दी आहे, पुढच्या वेळी’ म्हणून राहिली असण्याची मला शंका आहे. ताप नसलेल्या साध्या सर्दीत लस द्यायला काही हरकत नसते. सहा महिने पूर्ण झाले की फ्लूची लस घ्या, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस. ती थोरल्याला आणि सासू-सासऱ्यांना दिली तर बाळाला त्याचाही फायदा.

हे सगळं मी पूर्ण दिवसांच्या, वजन वाढणाऱ्या बाळाबद्दल सांगते आहे. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ, दोन किलोच्या आतलं, हृदयात छिद्र असलेलं, किंवा ज्याचं वजन अडकलंय असं बाळ असेल तर यातलं ‘थांबून बघा’ लागू नाही, त्यांनी पहिल्याच शिंकेला डॉक्टर गाठावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट ताप आला तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. आणि सर्दी पुन्हा पुन्हा होणं वेगळं, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होणं वेगळं. दुसऱ्यासाठी तपासण्या लागतात.

तुमच्या मुलीसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते श्वास मोजायला शिकणं. घरघर किती मोठी आहे, शेंबूड कुठल्या रंगाचा आहे, यावरून काही ठरत नाही. श्वासावरून ठरतं. ती शांत किंवा झोपलेली असताना झबलं वर करून पोट उघडं करा. मोबाइलवर एक मिनिट लावा. पोट वर गेलं की एक. पंधरा सेकंद मोजून चौपट करायचं नाही, बाळाचा श्वास मध्येच रेंगाळतो आणि मध्येच धावतो, म्हणून पूर्ण मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. इतके किंवा याहून जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा, तरी तितकेच आले तर दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, कण्हण्यासारखा आवाज येत असेल, दूध निम्म्यावर आलं असेल, सहा-आठ तास लंगोट ओला झाला नसेल, बाळ निपचित पडलं असेल, तर मोजत बसू नका. ओठ-जीभ निळसर दिसली तर १०८.

आज रात्री ती बरी असताना एकदा मोजून ठेवा. समजा ३८ आले. तारीख आणि आकडा तायी कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहा. पुढच्या सर्दीत मध्यरात्री सासूबाई उठून म्हणतील, छाती वाजालीय, उचल आणि चल. तेव्हा ते कार्ड काढा, दिवा लावा आणि त्यांच्यासमोरच मोजा. मोजायला त्यांनाही बसवा, आज्ज्या हे माझ्या नर्सपेक्षा लवकर शिकतात.